फेल, फक्त या वेळी

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. कंदिलाची, घंटेची, बैलगाडीची आत्मवृत्तं तुम्ही शाळेत वाचली असतील. त्यांना निदान हात लावून पाहता येतं. माझ्या नशिबी तेही नाही. मी माणसांच्या तोंडात राहतो, कुणी उच्चारलं की क्षणभर हवेत येतो आणि मग ज्याच्यासाठी उच्चारलं त्याच्या मनात जाऊन बसतो. माझं नाव फेल. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. तुमच्यापैकी प्रत्येकानं मला कधी ना कधी वापरलं आहे, आणि बहुतेकांनी दुसऱ्यासाठी वापरलं आहे.

लोक मला इंग्रज समजतात, पण माझं मूळ त्याहून जुन्या लॅटिन भाषेत आहे. तिथल्या माझ्या पूर्वजाचा अर्थ होता अडखळवणं, चकवणं, फसवणं. थोडक्यात, घराणं काही फार सभ्य नव्हतं. खोटा या अर्थाचा फॉल्स त्याच घराण्यातला, आणि फॉल्टही त्यातलाच. फॉल्टला तर तुम्ही चांगलं ओळखता. वीज गेली की वायरमन खांबाकडे बघून "लाईनीत फॉल्ट हाय" म्हणतो ना, तो माझा चुलतभाऊ.

पुढे आमची शाखा फ्रान्समध्ये गेली आणि जरा सुधारली. फसवणं मागे पडलं. कमी पडणं, सरत येणं, हुकणं असे साधे अर्थ मला मिळाले. तेच अर्थ घेऊन सुमारे आठशे वर्षांपूर्वी मी इंग्लंडात उतरलो. तिथे मला मिळालेलं काम उदास होतं, पण शांत होतं. झऱ्याचं पाणी आटलं की लोक मला बोलवत. दिव्यातलं तेल सरलं, म्हाताऱ्या माणसाची नजर अधू झाली, एखाद्या साली पीक हाती लागलं नाही, की मी तिथे असायचो. पण झरा आटला म्हणून झऱ्याला कुणी नालायक म्हणत नव्हतं. पुढच्या वर्षी पाऊस झाला की झरा पुन्हा वाहायचा आणि मी निमूटपणे निघून जायचो. माझा मुक्काम वेळेपुरता असायचा. खरं सांगतो, ते मला फार आवडायचं.

शाळा-कॉलेजांच्या परीक्षांनी मला हाताशी धरलं ते बरंच नंतर. त्या परीक्षांबरोबरच मी तुमच्या देशात आलो. जालन्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि शाळेत, कचेरीत उर्दू चालायची. म्हणजे मी इंग्रजीचं बोट धरून निघालो आणि उतरलो उर्दूच्या ओसरीवर. तिथे बराबर, बिलकुल, जल्दी, खर्चा ही मंडळी आधीच मुक्कामाला होती. त्यांनी मला सरकून जागा दिली. इथल्या लोकांनाही मी आवडलो. दोन अक्षरांचा, जिभेला सोपा, जोडाक्षराचा त्रास नाही. बोअरला पाणी लागलं नाही की बोअर फेल. घाटात गाडी थांबली नाही की ब्रेक फेल. बी उगवलं नाही की बियाणं फेल. डॉक्टरसुद्धा माझ्याशिवाय बोलेनात. माझा भाव वाढला आणि मी थोडा फुगलोही. एवढ्या कामाच्या शब्दाला कुणी वाईट म्हणेल असं तेव्हा मनात आलं नव्हतं.

मग हसनाबादच्या अंगदच्या घरी मी गेलो. त्याच घराची गोष्ट सांगण्यासाठी आज मी तोंड उघडलं आहे.

हसनाबाद हे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं मोठं गाव. गावाबाहेरच्या रस्त्याला लागून अंगदचं शेत आहे आणि शेतात जाळीचं एक मोठं घर. त्याला शेडनेट म्हणतात. त्यात अंगद मिरचीचं बी तयार करतो. खायची मिरची वेगळी, ही बियाण्यासाठीची. हे काम फार नाजूक. मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी बोटांनी अलगद उघडायची आणि तिच्यातला नरभाग काढून टाकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग तिला लावायचा आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. एखादी कळी नजरेतून सुटली आणि आपली आपण उमलली, तर ती तोडून टाकावी लागते. तसल्या फुलांचं बी मिसळलं तर कंपनीच्या तपासणीत त्या प्लॉटचं सगळं बी नाकारलं जातं. तेव्हा लोक म्हणतात, लॉट फेल गेला.

अंगदच्या घरात या कामाची एक रीत होती. प्लॉटचं पहिलं फूल घरातल्या लेकीनं लावायचं. बाकी सगळ्या फुलांना पांढरा दोरा, पण त्या एका फुलाला लाल. त्या फुलाची मिरची पिकली की तिचं बी कंपनीला द्यायचं नाही, घरच्या देवापुढे वाटीत ठेवायचं. पाचवीत असल्यापासून हे पहिलं फूल अंगदची मुलगी आकांक्षा लावत आली होती. नारळ फुटायचा, बायका बाजूला उभ्या राहायच्या आणि आकांक्षा जीभ दातांत धरून तो लाल दोरा बांधायची. अंगद सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "माझ्या लेकीचा हात लई हलका हाय. कळीला कळतबी न्हाई." आकांक्षाला वर्षभरात या एका वाक्याइतकं दुसरं काही गोड लागत नसे.

दहावीचा निकाल लागला त्या दुपारी अंगदच्या मोबाईलभोवती सगळं घर जमलं होतं. शेजारच्या घरात राहणारी चुलत बहीण अर्पिता आकांक्षाच्याच वर्गात होती. अर्पिताला नव्वदच्या वर टक्के मिळाले. आकांक्षा बाकी सगळ्या विषयांत नीट निघाली, पण गणितात कमी पडली. कमी पडली, हा माझा फ्रान्समधला जुना, सभ्य अर्थ आहे आणि तो इथे अगदी बरोबर बसत होता. तेवढ्यावर थांबले असते तर आज मी हे सांगत बसलो नसतो.

संध्याकाळी गणिताचे शिक्षक राजानंद सर यांचा फोन आला. "अंगदभाऊ, एकाच विषयाचं काय घेऊन बसलात. जुलैमध्ये परत परीक्षा आहे. फॉर्म भरून टाका. दोन महिने मी बघतो तिच्याकडे."

आकांक्षा दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. आपल्याला बसू देतील असं तिला वाटत होतं. तिची आई दैवशाला हळूच म्हणाली, "बसू द्या तिला."

अंगदनं फोन कानाला तसाच धरून उत्तर दिलं. "सर, रोपं लावायचा टाइम आलाय. घरात माणूस न्हाई. आन् फेल पोरीला परत बसवून काय करू मी?"

तो रागावला नव्हता. बोअर फेल गेला हे जसं सांगतात तसंच त्यानं सांगितलं. पण मित्रांनो, आजवर त्या घरात मी बोअरला लागलो होतो, ब्रेकला लागलो होतो. त्या दिवशी मी एका पोरीच्या नावाआधी लागलो. चौकट धरलेला तिचा हात खाली आला, आणि मी हवेतून उतरून थेट तिच्या मनात जाऊन बसलो. मला तिथे जायचं नव्हतं. पण आम्हा शब्दांना कोण विचारतो?

त्यानंतर मी त्या घरात रोजचाच झालो. पाहुणे आले आणि "थोरली का ही?" असं विचारलं की अंगद म्हणायचा, "हां, ही फेल हाय. आन् ती तिकडची अर्पिता, भावाची. नव्वद टक्के." पाहुणे चहा पीत अर्पिताकडे बघायचे. आकांक्षा कपबशा उचलून आत जायची. अंगदच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी शपथेवर सांगू शकतो. त्याला वाटायचं आपण माहिती देतोय. माणसं मुलांना दुखवतात ती पुष्कळदा अशीच, माहिती देता देता.

ऑगस्टमध्ये झाडांना कळ्या आल्या. नारळ आणला, लाल दोरा आणला. आकांक्षा न्हाऊन, वेणी घालून, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन जाळीच्या दारात उभी राहिली. अंगदनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणाला, "औंदा अर्पिताच्या हातानं लावू. फेलचा हात नको पहिल्या फुलाला."

दैवशालाचा चेहरा उतरला. "अवो, दर साली तीच लावती. रीत मोडू नका."

"रीत मोडून न्हाई राह्यलो. अर्पिताबी घरातलीच लेक हाय."

अर्पिता बिचारी अवघडली. तिनं कधी क्रॉसिंग केलेलं नव्हतं. तिच्या हातून पहिली कळी तुटली, मग दुसरीला कसाबसा दोरा बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आकांक्षानं ताट तिच्यापुढे धरलं होतं आणि ते ती पडू देत नव्हती. मी तिच्या मनात बसून सगळं पाहत होतो. त्या वेळी मला लॅटिनमध्ये, फ्रान्समध्ये, कुठेही परत जाता आलं असतं तर मी गेलो असतो.

तो सगळा हंगाम आकांक्षानं पांढरे दोरे बांधले. ती बोलायची कमी. तिच्याबरोबरच्या मुली कॉलेजच्या बसला उभ्या असायच्या तेव्हा ती रस्त्याच्या बाजूची रांग सोडून आतल्या रांगेत काम करायची. कुणी विचारलं, "काय गं, कॉलेजला न्हाई का जात?" तर सुरुवातीला ती पुढच्या झाडाकडे सरकायची. पुढे पुढे तीच आधी सांगायला लागली, "मी फेल हाय." दुसऱ्यानं म्हणण्यापेक्षा आपण म्हटलेलं बरं, असं तिला वाटत असावं. दुसऱ्याच्या तोंडून मी तिला कितीदा लागलो होतो, पण तिच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडताना मला जे वाईट वाटलं ते कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या मे महिन्यात कंपनीचा फोन आला. बी तपासणीत बसलं नव्हतं. लॉट फेल. बातमी ऐकून शेजारचे कडूबा आले. त्यांचंही शेडनेट आहे, त्यामुळे दुःख दोघांना सारखंच कळणारं. दोघं अंगणात बाजेवर बसले.

"कशानं गेला म्हणं?" कडूबांनी विचारलं.

"वाऱ्यानं जाळी फाटल्ती ना मागं. माश्या आत शिरल्या असतील. दुसरं काय."

अर्पिताच्या हाताचं नाव कुणी काढलं नाही. ते योग्यच होतं. एका पोरीच्या बोटानं अख्ख्या प्लॉटचं बी बिघडत नसतं. हे अंगदला बराबर ठाऊक होतं. गेल्या ऑगस्टमध्ये तेवढं तो विसरला होता.

"मंग आता सोडता का हे काम?" कडूबा म्हणाले.

"सोडू कशाला?" अंगद पाठ ताठ करून बसला. "एकदा फेल गेलं म्हणून कोणी काम सोडतं का, कडूबा? नवी जाळी टाकतो, रोपं परत लावतो. औंदा बिलकुल पास होतंय का न्हाई बघा."

आकांक्षा चहा घेऊन आली होती. तिनं कडूबांना कप दिला, वडिलांना दिला आणि आत जाण्याऐवजी तिथेच उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही. तिनं सरळ विचारलं, "पप्पा, बी फेल गेलं तर परत लावता. मंग मला का न्हाई बसवलं परत?"

अंगदनं हातातला कप बाजेखाली ठेवून दिला. चहा तसाच गार झाला. कडूबा उठताना फक्त एवढं म्हणाले, "पोरगी बराबर बोलून राह्यली, अंगदा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगदनं मोटारसायकल पुसली, आकांक्षाला मागे बसवलं आणि शाळेत नेलं. राजानंद सर तिला पाहून खुर्चीतून उठलेच. "ये बेटा, ये. वर्षभर काय केलंस?"

"काय न्हाई, सर," आकांक्षा म्हणाली. "मी फेल हाय ना."

ती हे हसत म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. पण मागे उभ्या असलेल्या अंगदनं मला त्या वेळी पहिल्यांदा ऐकलं. एवढे दिवस तो मला नुसता बोलत होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, हातात घेतली आणि भिंतीवरच्या नकाशाकडे बघत उभा राहिला. सरांनी फॉर्म पुढे केला तेव्हा सही कुठे करायची हेही त्याला दोनदा विचारावं लागलं.

पुढचे दिवस चांगले गेले, तेही सांगायलाच हवेत. रोपं लावायला अंगदनं बाहेरून माणसं आणली. आकांक्षाला शेतात येऊ दिलं नाही. दुपारी अर्पिता यायची आणि दोघी पत्र्याच्या सावलीत गणितं सोडवायच्या. चुकलेल्या गणितावर अर्पिता काट मारायची नाही, बाजूला नवं लिहून द्यायची. जुलैत परीक्षा झाली, निकाल आला आणि आकांक्षा गणितात चांगल्या गुणांनी पास झाली. अंगदनं गावभर पेढे वाटले. कडूबांना तर दोन वेळा दिले.

मी मनात म्हणालो, चला, सुटलो. झऱ्याला पाणी आलं, आता आपला मुक्काम हलवू. आठशे वर्षांची सवय होती ती. निकालाच्या कागदावरून मी गेलोच होतो, आता तिच्या मनातून तेवढं उठायचं होतं. मी उठायला गेलो आणि लक्षात आलं की मला उठता येत नाही. वर्षभरात मी तिथे मुळं धरली होती.

ऑगस्टमध्ये पुन्हा कळ्या आल्या. अंगदनं नारळ आणला. लाल दोरा तर त्यानं निकालाच्या दिवशीच आणून ठेवला होता. सगळ्या बायकांना त्यानं मुद्दाम बोलावलं. जाळीच्या दारात त्यानं दोरा आकांक्षापुढे धरला आणि पूर्वीसारखं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चल आकांक्षा. पहिलं फूल तूच लावायचं. माझ्या लेकीचा हात लई हलका हाय."

आकांक्षानं दोऱ्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"अर्पिताला सांगा, पप्पा," ती म्हणाली. "माझा हात फेल हाय."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला राग असतो आणि राग कधीतरी उतरतो. ती मनापासून सांगत होती. प्लॉट वडिलांचा होता, मागच्या साली गेला होता, या साली तो जाऊ नये एवढंच तिला वाटत होतं. आपला हात लागू नये म्हणून ती एक पाऊल मागेही सरकली.

अर्पिता लगेच म्हणाली, "मी न्हाई लावणार. गेल्या साली मी कळी तोडल्ती, आठवतंय ना? तूच लाव." दैवशालानं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "तू पास झालीस बाई आता," ती म्हणाली. आकांक्षानं मान हलवली, पण पुढे आली नाही.

अंगदच्या हातात तो लाल दोरा तसाच राहिला. त्यानं वर्षभर मला किती वेळा उच्चारलं हे त्याला आठवतही नसेल. तिला प्रत्येक वेळ आठवत होती. त्यानं नारळ उचलून पुन्हा पिशवीत ठेवला, लाल दोरा जाळीच्या दाराच्या खिळ्याला अडकवला आणि बायकांना म्हणाला, "आज राहू द्या. आज क्रॉसिंग न्हाई करायचं."

मित्रांनो, कळ्या कुणासाठी थांबत नाहीत. त्या उमलतातच, आणि आपल्या आपण उमललेली फुलं तोडून टाकावी लागतात. आज जाळीत गेलात तर वाफ्यांमध्ये पांढऱ्या फुलांचा सडा दिसेल. दैवशाला रोज विचारते, "आन् किती फुलं वाया घालवायची?" अंगद म्हणतो, "जाऊ दे. झाडं अजून देतील." आकांक्षा ती पडलेली फुलं टोपलीत गोळा करते. जाता-येता तिची नजर खिळ्यावरच्या दोऱ्याकडे जाते. हात मात्र अजून गेलेला नाही.

म्हणून मी तुमच्याकडे एक मागणं घेऊन आलो आहे. मला बोलूच नका असं मी म्हणत नाही. बोअर कोरडा गेला तर सांगायला शब्द लागतोच, आणि मलाही काम नको का? पण माणसासाठी मला वापरायची वेळ आली तर माझ्याआधी दोन लहान शब्द जोडत जा. या वेळी. या वेळी फेल. एवढंच. ते दोघं बरोबर असले की मी फार दिवस राहत नाही, काम झालं की निघतो. जुन्या काळी झऱ्याकाठी मी असाच राहायचो. मला एकट्याला कुणाच्या नावाआधी बसवू नका. बसायला मला दोन अक्षरं पुरतात, पण उठता येत नाही. आणि हे मला ज्या घरात कळलं, तिथे त्याचा आता उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही.

काल कडूबा शेतावरून जाताना जाळीपाशी थांबले होते. खिळ्यावरचा दोरा आणि खाली पडलेली फुलं पाहून त्यांनी विचारलं, "काय अंगदा, औंदा पहिलं फूल अजून लागलं न्हाई?"

आत आकांक्षा टोपली घेऊन वाकली होती. अंगदनं एकदा तिच्याकडे पाहिलं.

"न्हाई लागलं," तो म्हणाला. "बाप फेल गेला, कडूबा. लेक म्हणंल तवा लावू."

मी पुन्हा त्याच तोंडातून बाहेर आलो होतो, पण या वेळी तो मला स्वतःसाठी बोलला होता. फुलं वेचता वेचता आकांक्षाचा हात थांबला. तिनं मान वर केली आणि हळू आवाजात, पण स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाली, "या साली फेल, पप्पा. फक्त या साली."